कारखान्याचा पर्यावरण आराखडा कसा बनवावा: भोसरी-चाकण पट्ट्यातल्या लघुउद्योगांसाठी

ग्राहक कंपनीचा मेल येतो: पुढच्या ऑडिटच्या आत तुमचा पर्यावरण आराखडा पाठवा. शंभर-दीडशे माणसांच्या कारखान्यात हे काम बहुतेक वेळा क्वालिटी किंवा मेंटेनन्सवाल्याच्या गळ्यात पडतं. तो नेटवरून एखाद्या मोठ्या कंपनीचा पन्नास पानी अहवाल उतरवतो, नाव बदलतो आणि पाठवून देतो. ऑडिटर शॉप फ्लोअरवर येऊन पहिला प्रश्न विचारतो तिथेच घोडं पेंड खातं.

हा मेल आता थांबणार नाही. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर (कंपनीची सामाजिक आणि पर्यावरणीय जबाबदारी मांडणारा) अहवाल सक्तीचा केला आणि त्या कंपन्या आता पुरवठादारांकडे आकडे मागू लागल्या आहेत. युरोपला पोलादी किंवा अॅल्युमिनियमचा माल जात असेल तर सीबॅमही (आयात मालावरची युरोपची कार्बन आकारणी) आहेच. त्याची प्रत्यक्ष आकारणीची पायरी १ जानेवारी २०२६ पासून सुरू झाली.

खालच्या पायऱ्या सीएनसी मशिनिंग, प्रेस शॉप, फॅब्रिकेशन आणि पावडर कोटिंग करणाऱ्यांसाठी आहेत. फाउंड्रीचं आणि कुरकुंभसारख्या ठिकाणच्या केमिकल कारखान्यांचं गणित वेगळं असतं.

१. सगळ्यात आधी संमतीपत्र वाचा

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, म्हणजे आपण ज्याला नुसतं 'कन्सेंट' म्हणतो ते, फाइलमधून काढा आणि शेवटच्या अटीपर्यंत वाचा. जल कायदा १९७४, हवा कायदा १९८१ आणि घातक कचरा नियम २०१६ या तिन्हींखालच्या अटी त्यात एकत्र असतात. हातात पेन घेऊन चार गोष्टी प्रत्यक्षाशी ताडून बघा:

- कोणतं उत्पादन, महिन्याला किती
- पाणी किती वापरायचं, सांडपाणी किती आणि कुठे सोडायचं
- डीजी सेट (डिझेल जनरेटर) किती केव्हीएचा, चिमणी किती उंच
- घातक कचऱ्याचे कोणते प्रकार, वर्षाला किती

गडबड इथेच असते. कन्सेंट घेताना महिन्याला ५० टन लिहिलेलं असतं, ऑर्डर वाढून ८० टन झालेले असतात. मधल्या काळात फॉस्फेटिंगची (रंगाआधी धातूवर फॉस्फेटचा थर चढवण्याची) लाइन बसलेली असते, पण ती कागदावर नसते. अशा वेळी आराखड्यात खरे आकडे लिहिले तर तो आपल्याच विरुद्धचा पुरावा, आणि खोटे लिहिले तर वीजबिल लगेच चुगली करतं. म्हणून आधी दुरुस्तीचा अर्ज, मग आराखडा. लाल, नारिंगी, हिरवी की पांढरी, आपली श्रेणी कोणती हेही याच वेळी तपासा. इलेक्ट्रोप्लेटिंग आलं की श्रेणी लाल, हे धरूनच चाला.

२. कागद आणि साधनं

कागद किमान मागच्या बारा महिन्यांचे हवेत, चोवीस मिळाले तर उत्तम:

- महावितरणची बिलं, सगळ्या पानांसकट
- डिझेल, एलपीजी किंवा पीएनजीच्या खरेदी पावत्या
- एमआयडीसीची पाणीबिलं, टँकरच्या पावत्या, बोअरवेलच्या मीटरची नोंद
- महिनावार उत्पादन, नगांत आणि वजनात
- स्क्रॅप विक्रीच्या पावत्या
- घातक कचऱ्याचा नमुना ३ मधला रजिस्टर, नमुना १० मधली मॅनिफेस्ट (कचरा पाठवल्याचा कागद), मागचा नमुना ४ (वार्षिक विवरण)
- सांडपाणी, चिमणी आणि आवाजाचे प्रयोगशाळेचे रिपोर्ट
- मशिनची यादी, प्रत्येकाच्या मोटरच्या किलोवॅटसह

साधनांत क्लॅम्प मीटर, स्टॉपवॉच, रिफ्रॅक्टोमीटर (कूलंटमधलं तेलाचं प्रमाण बघायला), पीएच मीटर, कंडक्टिव्हिटी मीटर, वजनकाटा आणि पाण्यासाठी तीन-चार सबमीटर लागतात. अल्ट्रासॉनिक लीक डिटेक्टर असला तर छान, नसला तर साबणाच्या पाण्यानेही भागतं. महागडं सॉफ्टवेअर पहिल्या वर्षी घेऊ नका. एक्सेलची एक शीट पुरते.

३. एका वर्षाचा पाया मांडा

ज्या वर्षी काम नेहमीसारखं चाललं ते वर्ष पाया म्हणून घ्या. संप, स्थलांतर किंवा मंदीचं वर्ष घेतलं तर पुढची प्रत्येक तुलना फसते.

कार्बनचा हिशेब ढोबळमानाने असा होतो. ग्रिडमधून घेतलेल्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. नेमका आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी जाहीर करतं, तो वापरा आणि कोणत्या वर्षाचा वापरला ते शीटमध्ये लिहा. डिझेलच्या एका लिटरमागे सुमारे २.७ किलो, एलपीजीच्या एका किलोमागे सुमारे ३ किलो.

समजा महिन्याला ४०,००० युनिट वीज, ५०० लिटर डिझेल आणि १,००० किलो एलपीजी जातो. म्हणजे विजेचे २८ टन, डिझेलचे सव्वा टनाच्या थोडे वर आणि एलपीजीचे ३ टन. बैठकीत सगळी चर्चा धूर दिसतो म्हणून जनरेटरवर होते, आणि २८ टन मीटरच्या खोलीत शांतपणे फिरत असतात.

एकूण आकड्याबरोबर एका टन मालामागचा आकडाही काढा. ग्राहकाला दोन्ही लागतात. उत्पादन घटलं म्हणून एकूण वीज कमी झाली, तर ती बचत नव्हे. आणि पॉलिशिंगचं काम बाहेर जॉबवर्कला दिलं म्हणून आपलं पाणी कमी झालं, तर तीही नव्हे. सांडपाण्याने फक्त पत्ता बदललेला असतो.

४. कंप्रेस्ड एअर: पहिला घाव इथे घाला

यात भांडवल जवळजवळ लागत नाही आणि फरक पुढच्याच बिलात दिसतो. भोसरी-पिंपरी भागात बहुतेकांची सुट्टी गुरुवारी असते. चाचणी त्याच दिवशी करा.

मशिन बंद ठेवा, पण हवेचे व्हॉल्व्ह रोजच्यासारखे उघडे राहू द्या. कंप्रेसर चालू करून लाइन पूर्ण दाबाला आणा. हवा कोणीही वापरत नसताना कंप्रेसर किती वेळ लोडवर जातो (हवा भरतो) आणि किती वेळ अनलोड राहतो (नुसता फिरतो), हे स्टॉपवॉचने पाच-सहा फेऱ्या मोजा. लोडचा वेळ भागिले लोड अधिक अनलोडचा वेळ, म्हणजे गळतीचं प्रमाण. २ मिनिटं लोड आणि ६ मिनिटं अनलोड असेल तर २५ टक्के.

३० किलोवॅटच्या स्क्रू कंप्रेसरवर २५ टक्के म्हणजे ढोबळ साडेसात किलोवॅट सतत हवेत. वर्षाला ६,००० तास धरले तर ४५,००० युनिट. नऊ रुपये दराने चार लाखांच्या वर रुपये आणि ३० टनांच्या वर कार्बन. चांगल्या राखलेल्या लाइनमध्ये गळती १० टक्क्यांच्या आत असते.

कंप्रेसर व्हीएफडीचा, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा असेल तर ही पद्धत चालत नाही, कारण तो लोड-अनलोड होतच नाही, वेग कमी करून चालत राहतो. तिथे रिसीव्हर भरून कंप्रेसर बंद करा आणि दाब ७ बारवरून ६ बारवर यायला किती वेळ लागतो ते मोजा. दुरुस्तीनंतर तीच चाचणी पुन्हा करा.

गळती शोधायला मोठ्या पाइपवर चढू नका. ती बहुधा शेवटच्या दोन मीटरमध्ये असते: क्विक कपलर, एफआरएल युनिटचा (हवेचा फिल्टर, रेग्युलेटर, ल्युब्रिकेटर) वाडगा, क्लॅम्पऐवजी तारेने आवळलेला होज, फिक्श्चरवरचे जुने सिलिंडर, आणि कायम अर्धवट उघडा ठेवलेला ड्रेन व्हॉल्व्ह. सापडली की लाल टॅग बांधा, टॅगवर तारीख आणि मशिन नंबर लिहा. नुसती यादी करून मेंटेनन्सला मेल टाकला तर ती यादी मेलमध्येच राहते.

त्यानंतर दाब. एखाद्या मशिनला ६ बार हवेत म्हणून सगळी लाइन ८ बारवर चालवलेली असते. दाब एक बार उतरवला की वीज साधारण ६ ते १० टक्के कमी होते. एकदम खाली आणू नका. रोज ०.२ बार उतरवा आणि क्लॅम्पिंग सैल पडतंय का ते बघा. एकाच फिक्श्चरला जास्त दाब लागत असेल तर त्याच्यापुरता बूस्टर किंवा जवळ छोटा रिसीव्हर बसवा. कंप्रेसर रूममधली गरम हवा बाहेर काढणारं डक्ट नसेल तर तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो. आत येणारी हवा ४ अंशांनी तापली की वीज साधारण १ टक्क्याने वाढते.

५. कूलंट: खर्च, कचरा आणि वास

सुट्टीनंतर शुक्रवारी सकाळी शॉपचं शटर उघडलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो? मग तुमच्या आराखड्याचं दुसरं कलम तयारच आहे. कूलंटची, म्हणजे मशिनिंग करताना जॉब थंड ठेवणाऱ्या तेल-पाण्याच्या मिश्रणाची टाकी दिवसभर स्थिर राहते, वर स्लाइडवे ऑइलचा (मशिनच्या सरकत्या भागांच्या तेलाचा) थर बसून हवा तुटते आणि ऑक्सिजनशिवाय वाढणारे जिवाणू कूलंट खातात. मग पीएच उतरतो, जॉब गंजतात, ऑपरेटरच्या हाताला खाज सुटते आणि अख्खी टाकी ओतून द्यावी लागते. ते शेकडो लिटर तेलमिश्रित पाणी घातक कचऱ्यात जातं.

क्रम असा ठेवा:

रोज सकाळी प्रत्येक मशिनची काँसन्ट्रेशन रिफ्रॅक्टोमीटरवर तपासा. काचेवर दिसणारा आकडा म्हणजे टक्के नव्हेत. त्याला त्या तेलाच्या माहितीपत्रकातल्या फॅक्टरने गुणायचं. वाचन ४ आणि फॅक्टर १.५ असेल तर ६ टक्के. बहुतेक मशिनिंगला ५ ते ८ टक्के पुरतात, नेमकी मर्यादा पुरवठादाराकडून लेखी घ्या. पीएच ८.५ ते ९.२ च्या दरम्यान ठेवा.

टॉप-अपला नुसतं पाणी ओतू नका. पाणी उडतं, तेल जॉबवर चिकटून जातं, म्हणून भरपाईला २-३ टक्क्यांचं पातळ मिश्रण लागतं. मिश्रण करताना पाण्यात तेल घालायचं. उलट केलं तर फुटलेलं इमल्शन तयार होतं आणि दोन दिवसांत तेल वर तरंगतं.

पाणी बोअरवेलचं असेल तर कडकपणा तपासून घ्या. पाणी उडत राहतं आणि क्षार टाकीतच साठत जातात. कडकपणा २०० पीपीएमच्या वर गेला तर आरओ किंवा डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यात मिश्रण करा. एक छोटा आरओ सगळ्या मशिनना पुरतो, पण त्याचं रिजेक्ट पाणी कुठे जाणार हे आधी ठरवा.

वरचं तेल काढायला बेल्ट किंवा डिस्क स्किमर लावा. तो मशिन बंद असताना चालवला तर जास्त तेल उचलतो. चालू मशिनमध्ये तेल कूलंटमध्ये घुसळलं जातं. सुट्टीच्या दिवशी टायमरवर पंप थोडा वेळ फिरवणं किंवा मत्स्यपेटीतला एरेटर टाकणं हा स्वस्त उपाय आहे आणि चालतो.

ओली चिप (कापलेल्या धातूचा चुरा) थेट स्क्रॅपच्या ढिगावर गेली की कूलंट पैशासकट जमिनीत मुरतं, आणि पावसाळ्यात तेच काळं पाणी एमआयडीसीच्या नाल्याला लागतं. चिप ठेवण्याची जागा काँक्रीटची, छप्पर असलेली आणि खड्ड्याकडे उतार दिलेली हवी. चिप रिंगरने (चिप गरगर फिरवून कूलंट काढणाऱ्या यंत्राने) निथळलेली चिप विकताना ओलाव्यापोटी होणारी वजावटही कमी होते.

टाकून द्यायचं कूलंट संडासाच्या टाकीत किंवा एसटीपीत (मैलापाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटमध्ये) कधीही सोडू नका. एसटीपीतले जिवाणू मरतात आणि प्लँट पुन्हा बसायला आठवडे जातात. आधी इमल्शन फोडायचं, तेल वेगळं करायचं, मग उरलेलं पाणी ईटीपीला (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटला).

६. फॉस्फेटिंग आणि पावडर कोटिंगची लाइन

सात टाकीची लाइन असेल तर पाणी धुण्याच्या टाक्यांत जातं. जॉबबरोबर येणारं १ लिटर रसायन शंभरपट पातळ करायला एका टाकीत सुमारे १०० लिटर पाणी लागतं. दोन टाक्या एकामागून एक लावून पाणी उलट दिशेने फिरवलं तर सुमारे १० लिटर, आणि तीन टाक्यांत ५ लिटरच्या आसपास. म्हणजे शेवटच्या टाकीत ताजं पाणी, तिचं ओसंडणारं पाणी आधीच्या टाकीत, जॉब मात्र उलट दिशेने येणार. प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे. बहुतेक ठिकाणी होतं उलटंच: प्रत्येक टाकीला स्वतंत्र नळ, तोही कायम चालू. नळाला कंडक्टिव्हिटीवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह लावा.

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे टाकीवर जॉब निथळू देणं. हॉइस्टवाल्याला घाई असते, तो ५ सेकंदांत पुढे सरकतो. १५-२० सेकंद ठेवला आणि जॉब तिरका टांगला की रसायनही वाचतं, धुण्याचं पाणीही आणि ईटीपीतला गाळही. हे भिंतीवरच्या सूचनेने होत नाही, हॉइस्टच्या टायमरने होतं.

ओव्हन सकाळी सहाला पेटतो आणि पहिला हँगर आठला आत जातो, हा दोन तासांचा गॅस कोणाच्याच खात्यात धरला जात नाही. तापायला खरोखर किती वेळ लागतो तो मोजा आणि पेटवण्याची वेळ फळ्यावर लिहा.

७. घातक कचरा: जागा, लेबल, कागद

इंजिनिअरिंग कारखान्यात साधारण हे प्रकार येतात: ५.१ वापरलेलं तेल, ५.२ तेलमिश्रित कचरा, १२.५ फॉस्फेटचा गाळ, ३३.१ रसायनांचे रिकामे ड्रम, ३३.२ तेलकट चिंध्या, ३५.३ ईटीपीचा गाळ. यातलं जे निघतं ते कन्सेंटमध्ये असलंच पाहिजे.

साठवणुकीची मर्यादा ९० दिवस. प्रत्येक ड्रमवर नमुना ८ चं लेबल, खाली पक्की फरशी, भोवती बांध, वर छप्पर. वापरलेलं तेल अधिकृत पुनर्प्रक्रियादाराकडेच द्या. गाळ आणि चिंध्यांसाठी रांजणगाव एमआयडीसीत सामायिक विल्हेवाट सुविधा आहे, तिचं सभासदत्व आणि गाडीची पाळी आधीच धरा.

फसवणूक इथे ठरलेली आहे. भंगारवाला तेलाचा ड्रम 'तसाच' मागतो, रोख पैसे देतो, पावती देत नाही. पुढे ते तेल कुठे ओतलं गेलं आणि ड्रमवर तुमचं नाव सापडलं, तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. रिकामे ड्रम कामगारांना पाण्यासाठी देणं तर पूर्ण बंद करा.

आणखी एक: ईटीपीच्या पाण्याचा फ्लो मीटर, ईटीपीचं वेगळं वीजमीटर आणि निघालेला गाळ, या तीन नोंदी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. रोज १० हजार लिटर पाणी शुद्ध केल्याची नोंद आहे, पण विजेचा आकडा हलत नाही आणि वर्षभरात गाळाचं एक पोतंही नाही, हे तपासायला आलेल्या कोणालाही पाच मिनिटांत दिसतं.

८. सोलर शेवटी घ्या

आधी गळती थांबवा, मग सोलरचा आकार ठरवा. उलट केलं तर गळणाऱ्या हवेसाठी पॅनल विकत घेतल्यासारखं होतं. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट छप्पर लागतं आणि पुण्यात वर्षाला साधारण १,४०० युनिट मिळतात. १०० किलोवॅटचे सुमारे १.४ लाख युनिट, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या वर्षभराच्या विजेच्या ३० टक्क्यांच्या आत. सिमेंटच्या पत्र्याच्या जुन्या शेडवर पॅनल चढवू नका, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला घ्या. शेजारी ग्राइंडिंग किंवा फाउंड्री असेल तर पॅनल धुण्याचं पाणी आणि माणूस हिशेबात धरा. नेट मीटरिंगचे नियम आणि टीओडीचे (वेळेनुसार बदलणाऱ्या वीजदराचे) तास बदलत असतात, करार करण्याच्या आठवड्यात ताजा दर आदेश बघा.

मोटर जळली की तिसऱ्यांदा रिवाइंड करण्याऐवजी आयई३ (जास्त कार्यक्षमतेची) मोटर घ्या. पंप आणि ब्लोअरवर व्हीएफडीचा फायदा मोठा आहे: वेग २० टक्के कमी झाला की वीज जवळपास निम्मी होते. पण पंप कायम पूर्ण भाराने चालत असेल तर व्हीएफडी लावून काहीच मिळत नाही.

९. एका पानाचा आराखडा

आता लिहायला बसा. पाच ते सात ओळी पुरेत. प्रत्येक ओळीत काय, आजचा आकडा, वर्षाअखेरचा आकडा, कोण करणार, खर्च, आणि पुरावा कोणता. उदाहरणार्थ: 'हवेची गळती २५ टक्क्यांवरून १० टक्के, मेंटेनन्स प्रमुख, डिसेंबरअखेर, गुरुवारच्या चाचणीची नोंद.' 'पर्यावरणाबाबत जागरूकता वाढवणे' असली ओळ आली की खोडा, तिला पुरावा देता येत नाही. वृक्षारोपण जरूर करा, पण ते आराखड्याचं पहिलं कलम करू नका. ऑडिटर हसतात.

'ग्रीन', 'कार्बन न्यूट्रल' असे शब्द कॅटलॉगवर छापण्याआधी थांबा. अशा दाव्यांना पुरावा लागतो, असं सांगणारी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं ऑक्टोबर २०२४ पासून आहेत.

आयएसओ १४००१ (पर्यावरण व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र) ग्राहकाने मागितलं असेल तरच पहिल्या वर्षी घ्या. सल्लागाराने दुसऱ्या कारखान्याचं पर्यावरण परिणामांचं रजिस्टर चिकटवलं नाही ना, तेवढं बघा. प्रेस शॉपच्या रजिस्टरमध्ये बॉयलरची राख दिसली की समजून जा. छोट्या युनिटला केंद्राची झेड प्रमाणपत्र योजना सोपी पडते: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या आहेत आणि शुल्कात सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुला ६० आणि मध्यमला ५० टक्के सवलत आहे. ऊर्जा ऑडिटसाठी महाऊर्जाकडे चौकशी करा, त्यांचं मुख्यालय पुण्यातच आहे.

१०. कॅलेंडरवर आजच लिहा

- ३० जून: घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण, नमुना ४
- ३० सप्टेंबर: मागच्या आर्थिक वर्षाचं पर्यावरण विवरणपत्र, नमुना ५
- कन्सेंटची मुदत संपण्याच्या सहा महिने आधी: नूतनीकरणाची तयारी
- मेअखेर: चिप यार्ड, ड्रमची जागा आणि पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या गटारांची सफाई
- दर महिन्याचा पहिला गुरुवार: हवेच्या गळतीची चाचणी

नमुना ५ मधला पाण्याचा आकडा, एमआयडीसीचं बिल आणि ग्राहकाच्या पोर्टलवर भरलेला आकडा एकच हवा. तिघांसाठी तीन माणसं तीन वेगळ्या शीटमधून आकडे भरतात, तिथे घोळ होतो. शीट एकच ठेवा, भरणारा माणूस एकच ठेवा, आणि तो रजेवर गेला तर कोण भरणार त्याचं नाव शीटच्या डोक्यावर लिहून ठेवा.